तीन वर्षांची एलएलबी करायची असेल, तर त्याआधीची पदवी आणि कॉलेज कसं निवडावं

बारावीचा निकाल लागला की वकील व्हायचं म्हणणाऱ्या मुलाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: "बीए करून टाक, सोपं पडतं." दुसरा: "नावाजलेल्या कॉलेजात घे, म्हणजे पुढे लॉला ॲडमिशन सोपी जाते." पहिला अर्धवट आहे, दुसरा महाराष्ट्रापुरता जवळजवळ चुकीचा. आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएलबीची गुणवत्ता यादी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर लागते. पदवी फर्ग्युसनची असो की तालुक्याच्या गावातली, टक्के ५२ असोत की ८२, किमान अट पूर्ण झाली की दोघं एकाच रांगेत उभे राहतात.

म्हणजे कॉलेजच्या नावासाठी पैसे आणि जीव काढण्यात फारसा अर्थ नाही. पण म्हणून कुठलीही पदवी चालेल असंही नाही. चुकीच्या मार्गाने मिळालेली पदवी एलएलबीला चालतच नाही. बरोबर मार्गाने घेतलेली पदवी विषय नीट निवडला तर वकिलीत आयुष्यभर उपयोगी पडते. निवडीचा खरा विचार या दोन टोकांच्या मध्ये करायचा असतो.

आधी हे ठरवा: पाच वर्षं की तीन अधिक तीन?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार वकिलीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर किमान पाच वर्षांचा एकत्रित दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम, किंवा कुठल्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांची एलएलबी. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोन्हींना सारखीच मिळते आणि कोर्टात न्यायाधीश कुठल्या रस्त्याने आलात हे विचारत नाहीत.

कायद्याचंच करायचं हे बारावीलाच पक्कं असेल आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) किंवा पाच वर्षांच्या सीईटीत बरे गुण असतील, तर पाच वर्षांचा कोर्स घ्या. एक वर्ष वाचतं. मात्र त्यात एक अडचण आहे, ती प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. दोन-तीन वर्षांनी वाटलं की हे आपलं काम नाही, तर मधूनच अर्धी पदवी घेऊन बाहेर पडायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. तीन अधिक तीनमध्ये मन बदललं तरी हातात पूर्ण पदवी असते. मन डळमळीत असणाऱ्यांनी, घरची मिळकत अनिश्चित असणाऱ्यांनी आणि कायद्याला दुसऱ्या एखाद्या विषयाची जोड हवी असणाऱ्यांनी तीन अधिक तीनच घ्यावं.

वयाचं गणित मात्र आधी मांडा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा पाच वर्षांच्या कोर्सने साधारण २६ व्या वर्षी त्या परीक्षेला बसू शकतो, तीन अधिक तीनने २७ व्या. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं, ऑनर्सचं वर्ष घेतलं तर २८. एलएलबीला तीन वर्षांची पदवी पुरते. त्यामुळे पुढे प्राध्यापकी किंवा संशोधनाचा विचार नसेल, तर चौथं वर्ष एलएलबीसाठी म्हणून घेऊ नका. कॉलेज "थांबा, ऑनर्स करा" म्हणेलच, कारण त्यांनाही वर्ग भरायचे असतात.

पायरी १: पदवी चालेल ना, हे प्रवेशाआधी तपासा

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते तीन वर्षांनी कळतं.

मुक्त विद्यापीठाचा प्रश्न नीट समजून घ्या. बारावी पास होऊन तुम्ही यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम केलंत, तर ती पदवी एलएलबीला चालते. बार कौन्सिलच्या नियमात दूरस्थ किंवा पत्रव्यवहाराने घेतलेल्या शिक्षणाला मनाई नाही. पण बारावी नसताना पूर्वतयारी शिक्षणक्रम करून थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर ती पदवी नोकरीला आणि इतर काही ठिकाणी चालूनही एलएलबीला चालत नाही. नियमातली भाषा अशी आहे की पायाची पात्रता नसताना मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली बारावी किंवा पदवी ग्राह्य नाही. दहावीनंतर शाळा सुटलेल्या, नोकरी करत शिकणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. तुम्ही या गटात असाल तर आधी बारावी करा. बाहेरून फॉर्म भरून, सतरा नंबरचा अर्ज भरून का होईना, पण ती आधी करा आणि मग पदवी घ्या. क्रम उलटला की उपयोग नाही.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात इंजिनीअरिंगला गेलेल्यांकडेही बारावी नसते. त्यांनी सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा आणि गरज पडली तर लेखी विचारावं. क्लासच्या तोंडी आश्वासनावर फॉर्म भरू नये.

खासगी किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का, ते बघा. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते, तीही चाळा. दूरस्थ अभ्यासक्रम असेल तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षासाठी मान्यता आहे का हे तपासा. विद्यापीठाला मान्यता असते आणि नेमक्या त्या कोर्सला नसते, असं होऊ शकतं.

मग टक्के. खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. आकडे लहान वाटतात, पण गोम अशी की पदवी पास व्हायला बहुतेक ठिकाणी त्याहून कमी गुण पुरतात. म्हणजे खुल्या गटातला मुलगा ४३.८ टक्क्यांनी पदवीधर होतो, घरी पेढे वाटतो आणि एलएलबीला अपात्र ठरतो. ४४.९ ला ४५ धरतील या भरवशावर राहू नका. काठावर असाल तर विद्यापीठात श्रेणीसुधार परीक्षेची सोय आहे का, ते शेवटच्या वर्षाआधी विचारून ठेवा. सीजीपीए देणाऱ्या विद्यापीठांत टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र वेगवेगळं असतं. "दहाने गुणा" हे सगळीकडे खरं नाही. रूपांतराचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ जातो.

दिल्लीचा विचार असेल तर हे उंबरठे वेगळे आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या एलएलबीला खुल्या गटात ५० टक्के हवेत.

पायरी २: विषय निवडा, आणि तो दुसरा धंदा म्हणून निवडा

एलएलबीला कुठलीही शाखा चालते, म्हणून लोक सगळ्यात हलकी शाखा उचलतात. ही तीन वर्षं फुकट घालवण्याची सगळ्यात सोपी रीत आहे. कायदा तुम्हाला एलएलबीत शिकवतीलच. त्याआधीच्या तीन वर्षांत कायद्याशिवायचं असं काय शिकून घ्यायचं, जे इतर वकिलांकडे नसेल, हा प्रश्न स्वतःला विचारा.

विज्ञानाची आवड असेल तर ती वकिलीसाठी सोडू नका. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ नुसार पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, वय २१ पूर्ण लागतं आणि पेटंट एजंटची परीक्षा पास व्हावी लागते. बीए-एलएलबी किंवा बीकॉम-एलएलबी कितीही हुशार असला, तरी विज्ञानाची पदवीच नसल्याने त्याला हा दरवाजा बंद आहे. देशातल्या चार पेटंट कार्यालयांपैकी एक मुंबईत अँटॉप हिलला आहे. रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी काही नीट शिकलेला वकील औषध कंपन्यांच्या कामात लागतो. विज्ञानाचा तोटा एवढाच की प्रात्यक्षिकांमुळे दुपार जाते आणि वाचनाला वेळ कमी उरतो. फॉरेन्सिक सायन्सची पदवी फौजदारी वकिलीला पूरक आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

बीकॉम म्हणजे "काहीच जमलं नाही म्हणून" घेतलेली शाखा, हा समज वकिलीत पूर्ण खोटा ठरतो. ताळेबंद वाचता येणारा वकील जीएसटी, आयकर, कंपनी कायदा, दिवाळखोरीची प्रकरणं आणि बँकांची वसुली या सगळ्यांत उपयोगी पडतो. सीए किंवा सीएसची जोड देणार असाल तर बीकॉम हाच सरळ रस्ता. इथे एक सावधगिरी: सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) आणि नियमित एलएलबी एकाच काळात ओढायचा मोह टाळा. आर्टिकलशिपमध्ये दुसरा कोर्स करायचा तर आयसीएआयची, म्हणजे सीएंच्या संस्थेची, परवानगी घ्यावी लागते, आणि एलएलबीला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा नियम आहे. दोन्हीकडच्या हजेऱ्या कागदावर जमवणारे भेटतील. त्यातलं एक प्रकरण उघडकीला आलं की दोन्हीकडे अडचण होते. क्रमाने करा.

कला शाखेत राज्यशास्त्र घेणाऱ्यांची गर्दी असते. राज्यघटना आधी वाचून झाली तर फायदा होतोच, पण तोच विषय एलएलबीत पुन्हा येतो, हेही लक्षात घ्या. आमच्या मते अर्थशास्त्र, इतिहास आणि भाषा या तिघांकडे मराठी मुलं अन्याय होईल इतकं दुर्लक्ष करतात.

इतिहासाचं उदाहरण घ्या. जमिनीचे जुने दावे, इनामं, वतनं, देवस्थानच्या जमिनी यांतले मूळ कागद अनेकदा मोडी लिपीत असतात. पक्षकार कागद घेऊन येतो आणि वकिलाला ते वाचता येत नाहीत. मग मोडी वाचणारा शोधावा लागतो आणि त्याच्या वाचनावर अवलंबून राहावं लागतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. इतिहासाची पदवी घेता घेता मोडी शिकलेला मुलगा पुढे महसुली आणि दिवाणी कोर्टात स्वतःची जागा करू शकतो. गोव्यात हेच पोर्तुगीजबाबत खरं आहे. तिथे वारसा आणि विवाहातली मालमत्ता यांचे कायदे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आले आणि जुनी नोटरीची कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकण्याची सोय आहे. मडगाव किंवा पणजीत वकिली करायची असेल, तर आणखी एक "सोपा" वैकल्पिक विषय घेण्यापेक्षा ही भाषा घ्या.

मानसशास्त्र, समाजशास्त्र कौटुंबिक न्यायालय आणि बालन्याय मंडळाच्या कामात उपयोगी पडतं. बीएमएस, बीबीए, मास मीडिया यांची फी बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असते. तेवढे पैसे देऊन वकिलीला काय मिळतं, हे विचारून मगच भरा.

भाषा: दोन्ही लागतात, एकावर भागत नाही

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. दावा, कैफियत, जबाब, उलटतपासणी मराठीत आणि त्याच खटल्याचं अपील इंग्रजीत, अशी कसरत रोजची असते. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना "सबब", "उपरोक्त", "तहकूब" यांचा घास गिळवत नाही. मराठी माध्यमातल्यांना वीस पानी निकाल वाचायला दोन दिवस लागतात.

सीईटीकडे बघा म्हणजे याचं वजन कळेल. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत १२० प्रश्न, १२० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात इंग्रजीचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, कायदाविषयक कल २४, तर्कशक्ती २४. म्हणजे एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही दिसतात. पदवीच्या तीन वर्षांत इंग्रजीचं एकही पान न वाचता आलेल्या मुलाला शेवटच्या तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सने हे ४० प्रश्न सुटत नाहीत. तर्कशक्ती सरावाने वाढते. भाषा वाचून वाढते आणि तिला वर्षं लागतात.

म्हणून मराठी माध्यमात बीए करणार असाल तर मायनर किंवा वैकल्पिक म्हणून इंग्रजी घ्या आणि ते शिकवणारा प्राध्यापक वर्गात खरंच येतो का, ते कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. इंग्रजी माध्यमातल्यांनी मराठीबाबत हेच करावं.

पायरी ३: कॉलेज प्रत्यक्ष जाऊन बघा

माहितीपत्रक आणि नॅकची श्रेणी घरी बसून वाचता येते. त्यावरून कळत नाही ते चार-पाच गोष्टींवरून कळतं, आणि त्यासाठी कामाच्या दिवशी अर्धा दिवस पुरतो.

ग्रंथालयात जा. वाचनकक्ष संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो, परीक्षेच्या काळात सुटीच्या दिवशी चालू असतो का, पुस्तकं मुलांना स्वतः कपाटातून काढता येतात का, हे विचारा. खिडकीतून चिठ्ठी देऊन पुस्तक घ्यायची पद्धत असेल, तर तिथे फक्त गाइडं वाचली जातात.

वक्तृत्व आणि वादविवादाचं बघा. महाराष्ट्रात वक्तृत्व स्पर्धांची परंपरा मोठी आहे, पण अनेक कॉलेजांत ती दोन ठरावीक मुलं पाठवून करंडक आणण्यापुरती उरलेली असते. दर आठवड्याला जमणारं, हरणाऱ्यालाही बोलू देणारं मंडळ आहे का, ते बघा. पाठ केलेलं भाषण वकिलीत फारसं कामाचं नाही. समोरच्याचं ऐकून जागच्या जागी उत्तर देणं कामाचं.

निकालाची तारीख विचारा. हा मुद्दा कुणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात महाग पडू शकतो. तीन वर्षांच्या सीईटीला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, पण कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, प्रवेश पक्का करायला शेवटच्या सत्राचा निकाल लागतो. ज्या विद्यापीठाचे निकाल रखडतात, तिथल्या मुलाची सीईटी उत्तम होऊनही फेऱ्या निघून जातात. स्वायत्त कॉलेजं स्वतः परीक्षा घेतात, म्हणून त्यांचे निकाल साधारणपणे लवकर लागतात. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. गेल्या तीन वर्षांत सहाव्या सत्राचा निकाल कोणत्या आठवड्यात लागला, हे परीक्षा विभागात विचारलं तर सांगतात.

नव्या धोरणातल्या ओजेटीबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाबद्दल, विचारा. ते वकिलाच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करू देतात का? काही कॉलेजं ठरावीक कंपन्यांशीच करार करून ठेवतात. लवचीक कॉलेज असेल तर श्रेयांकही मिळतात आणि कोर्टाचं आवार ओळखीचं होतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत विद्यार्थ्यांनाही घेतात. पंचायतीत शिबिर लावणं, अर्ज लिहून देणं यातून जे कळतं, ते वर्गात कळत नाही.

आणखी एक गैरसमज. ज्या संस्थेचं लॉ कॉलेज आहे, तिच्याच कला किंवा वाणिज्य कॉलेजात पदवी घेतली तर पुढे "आतून" जागा मिळते, असं सांगितलं जातं. कॅपमधल्या जागांना हे लागू नाही. अल्पसंख्याक संस्थांमधला कोटा धर्मावर किंवा भाषेवर असतो, तुमच्या आधीच्या कॉलेजवर नाही.

पायरी ४: सहा वर्षांचा खर्च एकत्र मांडा

बहुतेक घरं आधी पदवीच्या तीन वर्षांचा खर्च मांडतात आणि एलएलबीचं नंतर बघू म्हणतात. उलटं करा. शहराचा खरा उपयोग एलएलबीच्या वर्षांत आहे, कारण तेव्हा सकाळी कॉलेज आणि दुपारी कोर्ट, असं करायचं असतं. पदवीची तीन वर्षं घराजवळ, अनुदानित कॉलेजात काढून वाचलेले पैसे एलएलबीच्या वेळी मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या खोलीभाड्याला वापरणं जास्त शहाणपणाचं. पदवीलाच पुण्यात राहून दमछाक झालेलं घर नेमकं एलएलबीला "आता गावाकडंच कर" म्हणतं.

कुठल्या शहरात जायचं, हे तुम्हाला कुठल्या कोर्टात काम करायचं त्यावर ठरवा. मुंबईत शासकीय विधी महाविद्यालय आहे, १८५५ मध्ये सुरू झालेलं, चर्चगेटला, उच्च न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्यात १९२४ चं आयएलएस आहे, पण पुण्यात उच्च न्यायालयाचं खंडपीठ नाही. ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे खंडपीठं आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे येतात. या जिल्ह्यांतल्या मुलांचं गणित त्यामुळे बदललं. आधी उच्च न्यायालयाचं काम बघायचं तर मुंबई गाठावी लागायची. आता सांगलीत पदवी आणि कोल्हापुरात एलएलबी हा गंभीरपणे विचार करण्याजोगा मार्ग आहे.

शिष्यवृत्तीसाठी एक सूत्र लक्षात ठेवा: महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना बहुतांशी कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. संस्थास्तरावर थेट घेतलेल्या जागेची फी खिशातून जाते.

पायरी ५: तीन वर्षांचं वेळापत्रक

पहिल्या वर्षी सीईटीचं पुस्तक विकत घेऊ नका. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातलं संपादकीय पान पूर्ण वाचा. भारताचं संविधान मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळवा आणि कलम १२ ते ३५ शेजारी शेजारी ठेवून वाचा. शब्दसंग्रह त्यातून तयार होतो. आपल्या तालुक्याच्या कोर्टात एक दिवस मागच्या बाकावर बसा. न्यायालयं खुली असतात, त्यासाठी ओळख लागत नाही. फक्त मोबाइल बंद ठेवा.

दुसऱ्या वर्षी महिन्याला एक निकाल वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत आहेत. सुरुवातीला वस्तुस्थिती, मुद्दा, निष्कर्ष एवढंच एका पानावर लिहा. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सीईटीची तयारी सुरू करा आणि पुस्तक घेताना पहिलं एकच बघा: फौजदारी भागात भारतीय न्याय संहिता आहे की भारतीय दंड संहिता. १ जुलै २०२४ पासून जुने तीन फौजदारी कायदे जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. रद्दीच्या दुकानातलं स्वस्त गाइड इथे फसवतं. खुनाचं कलम म्हणून ३०२ पाठ कराल आणि पर्यायांत १०३ असेल.

तिसऱ्या वर्षी परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आदळतात. दिल्ली विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठाला जायचं तर सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा साधारण मार्चमध्ये असते. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची तीन वर्षांची एलएलबी २०२२ मध्ये सुरू झाली. तिची एनएलसॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिच्यात लेखी उत्तरंही लिहावी लागतात. महाराष्ट्राची सीईटी आणि सहाव्या सत्राची परीक्षा याच हंगामात येतात. म्हणून डिसेंबरपर्यंत सीईटीचा अभ्यास एकदा पुरा झालेला असावा आणि एकही विषय एटीकेटीत राहिलेला नसावा. पहिल्या वर्षाचा एक राहिलेला पेपरसुद्धा पदवी अडवतो.

शेवटच्या वर्षात कागद गोळा करा

कॅपमध्ये कागदपत्रांअभावी गेलेल्या जागांची कारणं ठरलेली असतात. जात पडताळणी प्रमाणपत्र नसणं हे पहिलं. त्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या शिफारसपत्रासह जिल्हा समितीकडे अर्ज करा, निकालानंतर नाही. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढलेलं प्रमाणपत्र जुलैच्या प्रवेशाला चालेल का, हे त्यावरची मुदत वाचूनच ठरवा. राज्याबाहेर पदवी घेतली असेल तर डोमिसाइलला अधिक महत्त्व येतं, कारण महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून कोणत्या गटात बसता हे त्यावर ठरतं.

नाव तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर "आडनाव नाव वडिलांचं नाव", आधारवर उलटा क्रम, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, असं असेल तर आताच एकसारखं करून घ्या. मुलींचं मधल्या काळात लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. सनदेच्या वेळी बार कौन्सिल हेच पुन्हा तपासते.

पदवी कॉलेज सोडताना सहाही सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठ बदलणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, एवढं घेऊनच बाहेर पडा. दाखल्याच्या किमान पाच साक्षांकित प्रती काढा. मूळ दाखला लॉ कॉलेजात जमा झाला की तो पुढची तीन वर्षं तिथेच राहतो, आणि मधल्या काळात वसतिगृह, शिष्यवृत्ती, पासपोर्ट यांपैकी कुणीतरी तो मागतंच. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. त्यात त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही कोर्सला प्रवेश घेतला नव्हता हे लिहायचं असतं, तेव्हा खरंच घेतला नव्हता ना, हे आधी आठवून बघा.